आपलं नाव आपणच सुचवायचं

ती भारतीयच आहे अशी माझी खात्री पटली होती, आणि एकदा माझी खात्री पटली की ब्रह्मदेव आला तरी ती हलत नाही. ॲन आर्बरला विद्यापीठाच्या फॅमिली हाउसिंगमध्ये आम्ही राहायचो. नवऱ्याची पीएचडी चालू होती, म्हणजे चालूच होती. मी डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, पण बोलायला बंदी नव्हती. एके दिवशी खालच्या लाँड्रीत एका मशीनमधून फेस बाहेर यायला लागला आणि एक सावळी, लांब केसांची मुलगी "पानी! पानी!" करत मागे सरली. मी मशीन बंद केलं आणि एवढी पावडर कोणी घालतं का म्हणून हिंदीत तिची यथास्थित खरडपट्टी काढली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, "एक अक्षर कळलं नाही, पण माझी आई अशीच बोलते."

ती निघाली स्लोव्हाकियातली रोमा, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्यातली. तिचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच तिकडे गेले, हे मला तिनेच सांगितलं. पाणी, नाक, कान हे शब्द एवढी वर्षं जपून ठेवलेत त्यांनी. मला पुण्यातून येऊन चार वर्षं झाली होती आणि मी वांग्याला एगप्लांट म्हणायला लागले होते.

रोमा तरुणांनी सक्रिय युरोपीय नागरिक व्हावं, अशा कुठल्याशा योजनेतून ती एका वर्षासाठी शिकायला आली होती. योजनेचं एक गुळगुळीत पुस्तक तिच्याकडे होतं. त्यात गोल करून बसलेली, हातात रंगीत स्केचपेनं घेतलेली मुलं पानोपानी हसत होती. "आमचा देश युरोपियन युनियनमध्ये पोचला," ती म्हणायची, "पण नळाचं पाणी अजून ओढा ओलांडून आमच्या वस्तीत पोचलेलं नाही." गाव ओढ्याच्या अलीकडे, त्यांची वस्ती पलीकडे. गावात घरोघर नळ आणि अख्ख्या वस्तीला मिळून एक हातपंप.

ती परत जाणार त्या वर्षाच्या शेवटी तिच्या गावच्या कौन्सिलची निवडणूक होती. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, एवढी शिकलीस तर आता तू उभी राहा. हिला ते नको होतं. शहरात कॉलेजात असताना ती सरळ इटालियन असल्याचं सांगायची. परत गेल्यावर तिथेच एखाद्या ऑफिसात नोकरी धरायची, असा तिचा बेत होता. उमेदवारांच्या यादीत नाव-पत्ता छापून आला की ती कुठली ते जगजाहीर होणार, आणि मग कुठली नोकरी न् कसलं काय! इकडे ॲन आर्बरच्या बसमध्ये तर ती बिनदिक्कत पुण्याची झाली होती. पुण्यात कुठे असं कोणी विचारलंच, तर "कोथरूड" म्हणून सांगायचं हे मीच तिला शिकवलं होतं.

जानेवारीत मी तिला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला घेऊन गेले. भाड्याने घेतलेल्या शाळेचा कॅफेटेरिया, गुळाची पोळी, आणि जेवणाआधी वार्षिक सभा. आमच्या मंडळात निवडणूक अशी कधी होतच नसे. अध्यक्षकाका "नावं सुचवा" म्हणाले की अख्ख्या सभेला एकदम कामं आठवायची. कोणी बुटाची नाडी बांधायचं, कोणाच्या बाळाचा डायपर त्याच क्षणी बदलावा लागायचा. जो सभेत नसेल त्याचं नाव सुचवायचं, टाळ्या वाजवायच्या की झाली निवड. चहा गरम करायला गेलेली माणसं सेक्रेटरी होऊन बाहेर आलेली मी पाहिली होती. त्यामुळे मी चार वर्षं सभेत खुर्चीला फेविकॉल लावल्यासारखी बसायचे. त्या दिवशी एक बिचारा गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला गेला होता. तो हातमोजे झटकत आत आला तर टाळ्यांचा कडकडाट. "अरे यार, मला विचारायचं तरी!" तो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नाही.

मी तिच्या कानात सगळं भाषांतर करत होते. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. परत येताना बसमध्ये मात्र म्हणाली, "ताई, आम्ही गावच्या सभेला जातो तेव्हा दाराशी उभे असतो. आम्ही नसतानाही आमचं नाव कोणी सुचवत नाही."

झालं, माझी गाडी सुटली. मग उभी राहा ना! कशाची भीती? हक्क आहे तुझा! मी स्टेट स्ट्रीटपासून घरापर्यंत भाषण ठोकलं. मला इथे मत नव्हतं, आणि पुण्यात होतं तेव्हा मतदानाच्या सुट्टीला मी लोणावळ्याला जायचे, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला बघून रस्ता बदलणाऱ्या लोकांसमोर मी उभं राहायचं. आणि तुला पोळीवर तूप वाढणाऱ्यांसमोर तुझी छाती होत नाही. आधी तू उभी राहा, मग मला सांग."

मला इतका राग आला की दोन दिवस मी लाँड्रीच्या वेळा बदलल्या. राग आला, कारण खरं होतं.

मार्चमध्ये त्या बर्फवाल्या सेक्रेटरीला ओहायोत डब्लिनला नोकरी लागली (ती त्याने मंडळ टाळायला शोधली असं माझा नवरा म्हणतो). गुढीपाडव्याला पुन्हा सभा, आणि तीही माझ्याबरोबर आली होती. "नावं सुचवा," काका म्हणाले. सगळे नाड्यांकडे वाकले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला व्हायचंय."

काय सांगू, चिडीचूप! आपल्यात असं चालत नाही हो. आधी दुसऱ्याने सुचवायचं, आपण तीनदा नाही म्हणायचं, मग "तुमचा आग्रहच आहे तर" म्हणून मान तुकवायची. आपलं नाव आपणच घेतलं म्हणजे हिचा काहीतरी डाव असणार. "हिला का व्हायचंय?" अशी कुजबुज सुरू झाली. दहा वर्षं जे पद कोणाला फुकट नको होतं, त्यात अचानक काहीतरी असलं पाहिजे असं सगळ्यांना वाटायला लागलं. आणि शेजारच्या कँटन गावचे एक काका उठून म्हणाले, "मग मीही उभा राहतो." मंडळाच्या इतिहासातलं पहिलं मतदान त्या दिवशी पेपर नॅपकिनवर झालं.

मी हरले, तेही चांगली दणकून. माझ्या नवऱ्याने मला मत दिलं असं तो शपथेवर सांगतो. हसायला आलं खरं, पण लागलं होतं. अध्यक्षकाकांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात श्रीखंड वाढलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तूच गं बाई." मी ते सगळं खाल्लं. ती समोर बसून टक लावून बघत होती.

"हरलीस," ती म्हणाली.

"हरले."

"आणि जेवतेयस."

"मग काय उपाशी राहू?"

उन्हाळ्यात ती परत गेली. जाताना योजनेचं ते गुळगुळीत पुस्तक मला देऊन गेली. त्यातल्या हसणाऱ्या मुलांना तिने स्केचपेनने मिशा काढल्या होत्या. उभी राहणार का, हे मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

डिसेंबरात तिचा फोन आला. आवाजावरून काहीच कळेना.

"ताई, मी हरले. दणकून, तुझ्यासारखीच."

मला भडभडून आलं. हिच्या डोक्यात हे खूळ मीच भरवलं, असं वाटून जीव अर्धा झाला. नोकरीचं काय झालं, विचारलं. शहरातल्या त्या ऑफिसने कळवतो म्हणून सांगितलं होतं, आणि कळवलं नव्हतं.

"पण ऐक ना," ती म्हणाली. "आमच्या वस्तीतून माझ्यासकट एकोणचाळीस जण मतदानाला गेले. ओढ्यावरच्या पुलाशी उभी राहून मी स्वतः मोजले. आणि मला मतं पडली त्रेचाळीस."

मला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं आणि मी किचनमधल्या खुर्चीत बसलेच. "म्हणजे चार जण गावातले? कोण गं?"

"तेच तर कळत नाही! बेकरीवाली असेल, पोस्टमन असेल, रस्ता बदलणाऱ्यांपैकी पण कोणी असेल. म्हणून आता मी गावात गेले की भेटेल त्या प्रत्येकाला आधी आपणहून नमस्कार करते. त्या चौघांपैकी कोणी राहून जायला नको."