खंडेनवमीनंतरचं पहिलं दूध

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या आमच्या तपासणी केंद्रातली औषध बनवायची खोली मी उघडली. जिथे पाण्याचा घोट घ्यायलाही बंदी, तिथे टेबलावर पेढ्यांचा चुरा, सांडून वाळलेलं नारळाचं पाणी आणि मुंग्यांची रांग. आमच्या 'गाई'ला झेंडूचा हार. तिच्या रबरी बुचावर कुंकू थापलेलं.

गाय म्हणजे शिशाच्या जाड कवचातलं यंत्र. त्यातून रोज सकाळी सलाईन सोडलं की किरणोत्सारी द्रव्य उतरतं. आम्ही त्याला दूध म्हणतो. ते कुपीतल्या पावडरीत मिसळून तापवलं की पार्किन्सनच्या तपासणीचं औषध तयार. शिरेतून दिल्यावर ते मेंदूत ठरल्या जागी जाऊन बसतं आणि फोटोत दोन स्वल्पविराम उजळतात. ते फिके दिसले तर रोग.

खंडेनवमीला अवजारं पुजून त्यांना विसावा द्यायचा, ही रीत. आमच्या सरांनी, म्हणजे केंद्राच्या मालक डॉक्टरांनी, गाईलाही विसावा दिला. आदला रविवार, मग नवमी, मग दसरा. इतके दिवस दूध काढलं नाही की आत निकामी द्रव्य साचतं आणि तेच कुपीतली पावडर खाऊन बसतं. म्हणून पहिली धार फेकायची असते. दुसरी जमायला दुपार होते.

त्या दिवशी पारोळ्याहून एक अक्का आल्या होत्या. हात थरथरत होते, पाऊल उचलत नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. त्यांच्याच सांगण्यावरून अक्का कैक वर्षं पित्ताची एक गोळी घेत होत्या, आणि त्या जातीच्या गोळीनेही असाच कंप सुटतो. रोग खरा की गोळीचा प्रताप, ते फोटोवरून कळणार होतं.

"पहिलं दूध फेकतेस? अगं, चिकाचाच तर खरवस होतो!" सर हसले. मी हातमोजे बदलेपर्यंत त्यांनी ते शेवटच्या कुपीत सोडलंही होतं. पुढे कागदी पट्टीवर तपासलं, तर निम्मं औषध बनलंच नव्हतं. हे टोचलं असतं तर धडधाकट मेंदूचा फोटोही फिका आला असता आणि अक्कांच्या माथी जन्माचा रोग लागला असता.

"थोडं इकडेतिकडे चालतं. टोच."

"मी नाही टोचणार." कुपी मी शिशाच्या डब्यात टाकली. मला त्या माणसाची किळस आली.

बाहेर जाऊन त्यांनी अक्कांच्या मुलाला सांगितलं, मशीन बिघडलंय. मी मागोमाग गेले. "मशीन नाही, औषध नासलं. आम्हीच नासवलं." मुलगा काहीतरी पुटपुटत आईला घेऊन गेला. ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं.

नव्या कुप्या आल्यावर ते आले. या वेळी दोन्ही स्वल्पविराम लख्ख उजळले. मला इतका आनंद झाला की सरांनाही हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "छान. पण रिपोर्टात गोळीबिळीचं काही नको. पारोळ्याचे डॉक्टर आपल्याला नेहमी पेशंट पाठवतात."

माझं डोकंच फिरलं. तशीच बाहेर बाकड्याकडे गेले. "अक्का, तुम्हाला तो रोग नाही. ही थरथर पित्ताच्या गोळीची दिसते. डॉक्टरांना विचारून ती बंद करा."

अक्कांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं.

"कोन्ता डाक्टरले इचारू, बेटी? जो गोळी देस, त्यालेच?"