हजेरीच्या कागदावरची सही

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सभागृहात मावशी आठ वर्षं येत होत्या, आणि लिफ्ट आठही वर्षं बंद होती. टीबीने एक फुप्फुस निम्मं खाल्लेल्या बाईला रुग्णांची प्रतिनिधी म्हणून बोलवायचं आणि तीन जिने चढायला लावायचं, हे सरकारी डोक्यालाच सुचावं! कठडा धरत, दर वळणावर थांबत त्या चढायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "पायऱ्या मोजतेय हो. मागच्या खेपेपेक्षा कमी नाही ना झाल्या!"

मावशी मूळच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या. काजांच्या मशीनवर त्या, शेजारच्या मशीनवर त्यांची मैत्रीण बटणवाली. मावशींना टीबी झाला तेव्हा एक बाई रोज दारात येऊन उभी राहायची आणि डोळ्यांदेखत गोळ्या गिळायला लावायची. त्या बाईच्या कटकटीमुळेच आपण जगलो, हे मावशी शपथेवर सांगायच्या. पुढे त्यांनी बऱ्या झालेल्या अकरा बायका जमवल्या आणि त्याही दारोदार गोळ्या पोचवू लागल्या. पण पायी जाऊन जाऊन किती लांब जाणार? नदीपलीकडच्या वस्तीला दोन बस बदलाव्या लागत.

खर्चाला पैसा होता तो परदेशातला. अनेक सरकारांनी मिळून आजारांसाठी निधी उभा केला होता, आणि तो मिळवायला दर तीन वर्षांनी सगळ्या देशाचा मिळून एकच अर्ज जायचा. तो लिहिणारी समिती या सभागृहात बसायची. जेवणाच्या सुट्टीआधी दोन मिनिटं मावशींच्या हाती माइक यायचा. मागच्या अर्जाच्या वेळी त्यांनी एकच मागितलं: नदीपलीकडे रोज गोळ्या पोचवायला अर्जात एक ओळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्ज गेला, त्यात ओळ नव्हती.

बटणवाली राहायची नदीपलीकडेच. अर्ज गेल्याच्या दुसऱ्या वर्षी तिला टीबी झाला. दवाखान्यात जायचं म्हणजे दोन बस, अर्धा दिवस रांग, वर कामाचा खाडा. जरा बरं वाटताच तिने गोळ्या सोडल्या. मावशी जमेल तशा जायच्या, समजावायच्या, भांडायच्या. पण रोज कुठून जमणार? मागच्या उन्हाळ्यात ती गेली.

आणि गेल्या आठवड्यात समितीच्या फायली सांभाळणाऱ्या कारकूनबाई सहज बोलून गेल्या, "तुमच्या सहीवर तर अर्ज जातो, मावशी!" कसली सही? तर दारातल्या हजेरीच्या कागदावरची. रुग्णांना विचारूनच अर्ज लिहिलाय, याचा पुरावा निधीवाल्यांना लागतो, आणि पुरावा म्हणून तोच कागद जोडतात. मावशी चाटच पडल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ती सही जेवणाच्या पाकिटासाठी आहे.

आज पाच वाजता नवा अर्ज पाठवायचा होता. ओळ याही वेळी नव्हती. मावशी आल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या, सही केली नाही. साडेचारला समितीचे मोठे साहेब कागद घेऊन आले.

"मावशी, तुमची सही राहिली बरं का."

"राहिली नाही, साहेब. केली नाही."

"अहो, समोर बसलायत की तुम्ही! मग हजेरी लावायला काय हरकत?"

"बसलेय. पण मला विचारलंय कुणी? नदीपलीकडची ओळ घाला, लगेच करते."

साहेबांचा पारा चढला. "आता? शेवटच्या घटकेला? सगळ्या देशाची औषधं अडतील तुमच्या एका सहीपायी. पाप लागेल, पाप!"

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब खोटं बोलत नव्हते. मावशींच्या स्वतःच्या पेशंटांच्या गोळ्याही याच अर्जातून यायच्या. पाचला पाच मिनिटं कमी असताना आपण मुकाट्याने सही करून टाकणार, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. साहेबांना तेवढं ठाऊक नव्हतं, म्हणून बरं. पिशवी मांडीवर घेऊन त्या नुसत्या बसून राहिल्या.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात टेकले. "घाला हो ती ओळ!" ते कारकूनबाईंवर ओरडले.

ओळ टाइप झाली, पान छापून आलं. मावशींनी चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं. नदीपलीकडची वस्ती, अकरा बायका, रोज. सगळं होतं. साहेब ओरडल्यापासून भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली होती. त्यांनी सही केली.

"बघा, एवढंच तर होतं," साहेब घाम पुसत म्हणाले. "आधी सांगायचं ना, मावशी!"

मावशी पिशवी उचलून बाहेर पडल्या. एक जिना उतरून त्या पायरीवरच बसल्या. पिशवीत फोन वाजला. सगळ्या बायका एकाच फोनला कान लावून असणार.

"झालं का, मावशी?"

"ओळ अर्जात गेली. मंजुरीचं पुढचं पुढे."

तिकडे एकच कल्ला झाला. मावशींनी फोन मांडीवर ठेवला. मागच्या खेपेलाही टेबल हेच होतं, पेनही हेच, दोरीने बांधलेलं. तेव्हा त्यांनी हसत हसत सही ठोकली होती आणि वर विचारलं होतं, पाकीट घरी नेलं तर चालेल का.

"चार मिनिटं गं, बाई," त्या बटणवालीला म्हणाल्या. "चारच मिनिटं लागतात." आणि त्यांना रडू कोसळलं. मांडीवरच्या फोनमध्ये बायका अजून हसत होत्या.