वरच्या फळीवरची पुस्तकं

ग्रंथपालबाई खोटं बोलतात, असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. एकवीस वर्षं बाई त्या वाचनालयात होत्या. त्यातली चौदा आमवातासोबत. बोटं वाकडी झाली, तरी तारखेचा शिक्का असा ठोकत की टेबल दचकावं.

एका सकाळी निवृत्त पोस्टमास्तरांनी एक जुनं प्रवासवर्णन मागितलं.

"बाहेर गेलंय," बाई सवयीनं म्हणाल्या.

पोस्टमास्तर हट्टी. स्टुलावर चढून त्यांनी वरच्या फळीवरून पुस्तक ओढून काढलं. "अहो बाई, हे तर इथंच आहे! तीन वर्षं बाहेर-बाहेर करताय!"

ते घ्यायला बाईंनी उजवा हात उचलला. हात छातीपर्यंत गेला आणि अडला. खांद्यात करकर वाजलं; पोस्टमास्तरांनाही ऐकू गेलं. बाई जागच्या जागी थिजल्या. वरच्या दोन फळ्यांवरचं जे म्हणून कुणी मागितलं, ते आपण 'बाहेर' घालवलं होतं. आणि हे आपलं आपल्याला आज कळतंय?

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "इथं गोल गोळा हवा. झिजून चपटा झालाय. हात उचलणारे स्नायुबंधही तुटलेत. हे वर्षानुवर्षांचं काम आहे. कधी बोलला नाहीत?"

"आमवाताच्या तपासणीला गेलं की डॉक्टर बोटंच बघायचे," बाई पुटपुटल्या. "मीही बोटंच पुढे करायचे. खांद्याचं वाटलं, वय झालं."

शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "अगं, चार वर्षं तुझे केस मी विंचरतोय."

"ते बोटांमुळे ना?"

"मलाही तसंच वाटलं."



खांद्यात कृत्रिम सांधा बसवला. दुखणं पुष्कळ थांबलं. सहा महिन्यांच्या व्यायामानं हात कानापर्यंत पोचला. त्याच्या वर जाणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

आमवाताच्या पुढच्या तपासणीला बाई दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक तरुण शिंपीण, तशाच सुजलेल्या बोटांची. बाईंना राहवेना.

"जरा हात वर करून दाखवता?"

"इश्श, शाळेत आहे का मी?" म्हणत शिंपिणीनं हसत हात उचलला. खांद्याच्या रेषेत तो थांबला. तिनं पुन्हा जोर लावला. मग हसू गेलं, आणि ती स्वतःच्या हाताकडे परक्यासारखी बघू लागली.

"आत गेल्यावर आधी हे सांगा," बाई म्हणाल्या. "बोटं नंतर."