झुलीला कॉलर

शिंप्याच्या दुकानात किस्से चिंध्यांसारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी मशीनखाली पुन्हा ढीग! जानेफळला रफीकचाचांच्या टेलरिंगच्या दुकानाबाहेर एक बाक आहे. निवृत्तीनंतरच्या माझ्या दुपारी त्या बाकावर जातात. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पीएचडी केली, पण किस्सा सांगणं जमेल याची खात्री नाही. आमचे सुदामभाऊ म्हणतात, "डागदरसाहेब, तुमची प्रस्तावना सरेपर्यंत ऐकणारा घरी जाऊन जेवून येते!"

म्हणून सुरूच करतो.

*

पोळ्याआधी बैलांच्या झुली शिवायची चाचांकडे गर्दी असते. एकदा सुदामभाऊ आपला बैल थेट दुकानासमोर घेऊन आले.

"चाचा, माप घ्या. मांगच्या वर्षी झूल आखूड झाली होती!"

चाचा टेप घेऊन बैलाभोवती फिरत होते. तेवढ्यात बैलाने मान वळवली, बाकावर बसलेल्या माझ्या झब्ब्याची बाही तोंडात घेतली आणि शांतपणे चघळायला लागला.

चाचांनी उरलेली बाही नीट पाहिली. "सर, दुसरी पण अर्धी करून देतो. दमट हवेत बरी!"

*

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे झडत्या होतात. एकाने दोन ओळी जुळवून कुणाची तरी टर उडवायची आणि सगळ्या गावाने "हर बोला, हर हर महादेव!" म्हणून गर्जायचं. पहिली झडती नेहमी गावातल्या कपाशीवाल्या भगवानची. मी गावी परतलो त्या वर्षी त्याने माझ्याकडे बघत हात वर केला:

"डागदर आला शह्यरातून, चष्मा आडवा नाका,
बैल म्हणे धन्याले, याले जुंपू नका!"

गाव हसून लोळलं. मीही हसलो. घरी जाऊन आरशात चष्मा मात्र तपासला.

*

त्यानंतर एका वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी आली. दसऱ्याच्या सुमाराला फवारणी करता करता भगवानला विषबाधा झाली आणि तो गेला. त्याची मुलगी प्रणिता तेव्हा कॉलेजात होती.

पुढच्या पोळ्याच्या महिनाभर आधी ती दुकानात आली. हातात गाठोडं. वडिलांचे घरचे कपडे, कुणाला तरी देऊन टाक म्हणून आईने सोपवलेले.

"चाचा, कोणाले देऊ? ज्याले देईन तो हे घालून गावात फिरन. पाठमोरा दिसला की मी धावत जाईन त्याच्या मांगं!"

चाचांनी मशीन थांबवली. मग स्टूल पुढे सरकवलं.

"बैस बेटा. कोणाच्या अंगावर पाठमोरं दिसणार नाही असं काही करू."

त्या दिवशी चाचांनी आखून दिलं आणि तिने बैलाची पहिली झूल कापली. धोतराचं अस्तर, त्यावर सदऱ्यांच्या कापडाची कपाशीची बोंडं. अशी झूल मी तरी पाहिली नव्हती.

एक निळा सदरा मात्र तिने बाजूला ठेवला. खुंटीवर होता तसाच आणलेला.

"हा धुऊन घेऊ?" मी विचारलं.

"नाही सर," ती म्हणाली आणि घडी करून मांडीवर ठेवला.

*

मला राहवेना. दुःखातून सावरण्याबद्दल एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मी तिला आणून दिलं, महत्त्वाच्या जागी खुणा करून. चार दिवसांनी विचारलं, "उपयोग झाला का गं?"

"लय झाला सर! वजन चांगलं हाय. कापड कापताना हालतच नाही."

*

मग बातमी फुटली. बाया आपापल्या घरची गाठोडी घेऊन दुकानात यायला लागल्या. कुणाचं नवऱ्याचं उपरणं, कुणाचं आईचं लुगडं. चाचा काज-बटणं सोडून नुसते धागे ओवून देत. प्रणिता प्रत्येकीला आधी विचारायची, "कशे होते ते?" आणि मग बायका सांगत राहायच्या, मशीन चालत राहायची.

त्यांतल्याच जिजाबाईंनी सासूचं लुगडं पुढे टाकलं. "पोरी, हे आमच्या बैलाच्या झुलीले लाव. जिती होती तवर माह्या डोक्यावर बसली. आता बैलाच्या पाठीवर बसू दे!"

आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

*

धास्ती सुदामभाऊंची होती. पोळ्याची पहिली जोडी त्यांची, आणि रीतीबाबत माणूस फार कडक. ते एका दुपारी आले, टांगलेल्या झुली बघितल्या.

"मेलेल्या माणसायचे कपडे? सणाच्या बैलावर?"

प्रणिताचा पाय पायडलवरच थांबला. सुदामभाऊंनी तिच्या मांडीवरचा निळा सदरा पाहिला.

"हा भगवानचा ना बे, चाचा? कॉलर उभी करून हिंडत जाये तो?"

"हाव."

सुदामभाऊ म्हणाले, "मंग माह्या बैलाच्या झुलीले कॉलर लाव, पोरी. उभी पाह्यजे!"

तिने कात्री उचलली. सदऱ्याची कॉलर आधी सोडवली.

*

पोळा आला. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं, त्या घरचे बैल सजत नाहीत, तोरणाखाली जात नाहीत. भगवानची जोडी अंगणात उघड्या पाठीने बांधलेली. प्रणिता शेजारी उभी. समोरून तिनेच शिवलेल्या झुली घातलेले साऱ्या गावाचे बैल चालले होते. पुढे सुदामभाऊंची जोडी, निळी कॉलर उभी.

भगवानच्या थोरल्या बैलाने नाक वर केलं. एक हिसका, दावं तुटलं, आणि तो धावत निघाला!

थेट तोरणाखाली. सुदामभाऊंच्या बैलाशेजारी उभा राहिला, मान पुढे केली आणि त्या कॉलरवर नाक टेकवून थांबला. ढोल बंद पडला.

प्रणिता धापा टाकत मागून आली, हातात तुटलेलं दावं. सगळे सुदामभाऊंकडे बघत होते. झडतीची वेळ झालेली, पण पहिली झडती म्हणणारा नव्हता.

"अवं पोरी," सुदामभाऊ गरजले, "उभी काऊन राह्यली? तुह्या बापाची पाळी हाय. सुरू कर!"

तिने बैलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. दाव्यासकट हात वर केला:

"डागदर म्हणे वाच पोरी, चष्मा आडवा नाका,
बैल म्हणे गावाले, सदरा धुऊ नका!"

"हर बोला, हर हर महादेव!"