चौतीस वाघिणींचे काका

काकांच्या घरात चौतीस वाघिणी होत्या. घाबरू नका, मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीणच म्हणतात, अन् काकांसमोर 'डबा' म्हणायची सोयच नव्हती. "डबा जेवणाचा असतोय माय. ही वाघीण हाय, वाघीण." एकेक वाघीण काडेपेटीपेक्षा जराशी लांब, पुठ्ठ्याची, गंजक्या लाल रंगाची. नवीन कोणी घरी आलं की काकू चहाचं आधण ठेवता ठेवता सांगायच्या, "चौतीस त्यांच्या अन् पस्तिसावी मी. पण रंग लावतेत ते फक्त त्यांनाच."

हिंगोलीत बाजाराच्या गल्लीत काकांचं चष्म्याचं दुकान होतं. तिथून चार दुकानं सोडून मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करते. आमच्याकडं येणारा प्रत्येक माणूस एकच बोलतो, "ताई, फोटो मोठा घ्या." काका पहिल्यांदा आले अन् म्हणाले, "माय, अक्षर बारीक कर." मी केलं. "अजून." अजून केलं. "अजून थोडं." शेवटी अक्षर मुंगीच्या पायाएवढं झालं तेव्हा कुठं खूश! वाघिणीवर तिचा नंबर असतो, रिकामं वजन असतं, दुरुस्तीला परत कधी जायचं ती तारीख असते, अन् ते सगळं त्यांना स्टिकरवर पाहिजे होतं. मी म्हणलं, "काका, एवढं वाचणार कोण?"

"वाचायला लावतो की!"

अन् खरंच लावायचे. डोळे तपासायचा तक्ता असतो ना, वर मोठी अक्षरं अन् खाली बारीक, तो काकांनी कधीच गुंडाळून ठेवला होता. समोरच्या फळीवर चौतिसांतल्याच सहा वाघिणी ओळीनं उभ्या. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे अन् म्हणायचे, "तिसऱ्या वाघिणीचा नंबर वाचा बरं." बिचारं गिऱ्हाईक आधी दचकायचं, मग वाचायचं. एकदा एका मास्तरांनी सहाही वाघिणी घडाघडा वाचल्या. काकांनी त्यांना चष्मा काही दिला नाही, चहा पाजला.

त्या स्टिकरमुळं मी अडकले ते अडकलेच. घरी गेले तर मागच्या खोलीत आख्खं स्टेशन! छोट्या लाईनच्या, मीटरगेजच्या काळातलं हिंगोली, दोन पलंगांवर प्लायवूड टाकून. रूळ छत्रीच्या काड्यांचे. सिग्नलचे हात चष्म्याच्या दांड्यांचे. इंजिनाचा दिवा म्हणजे घासून उरलेला भिंगाचा तुकडा. छोटी लाईन उखडून मोठी टाकली तेव्हा मी पहिलीत का दुसरीत होते, मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. काका मालधक्क्याच्या मागच्या घरात वाढलेले, त्यांना सगळं पाठ. कोणत्या झाडाखाली हमाल भाकरी खायचे ते पण. ते झाड होतं तिथं. हमाल पण होते. भाकरी पण होती!

आमच्यात तिसरा होता गंगाधर. वसमतला त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज, अन् डिझेल म्हणलं की तो जेवण सोडून उठणार. रविवारी तो मोटारसायकलवर यायचा अन् मग जे भांडण लागायचं! गंगाधर म्हणायचा, "काका, इंजिन खरं. वाघिणी काय, वढल्या की येतात."

"अन् वाघिणीच नसतील तर तुझं इंजिन कशाला निघालं? हवा खायला?"

"बरं, मंग पॅसेंजर गाडी तरी एक करा की."

"पॅसेंजरमधी माणसं बसतात. त्यात बघायचं काय? माणसं माझ्या दुकानात बी येतात."

रुळाखालच्या गिट्टीचं पण एक झालं. खरी गिट्टी बारीक करून जमेना, म्हणून काकांनी ज्वारीच्या कण्या रंगवून अंथरल्या. फार भारी दिसायचं. दोन दिवसांत मुंग्या लागल्या, अन् स्टेशनापासून पुलापर्यंतची गिट्टी साफ! काका भिंग लावून मुंग्यांची रांग बघत बसले होते. गंगाधर म्हणाला, "काका, लाईन उखडायला पुन्हा माणसं आली." काकांना एवढं हसू आलं की भिंग खाली पडलं. मग आम्ही नदीची वाळू चाळून आणली.

एवढं सगळं होतं, पण गाडी मुकी होती. सीडी प्लेअरची मोटर, ती फक्त किर्रर्र करायची. काकांना खऱ्या इंजिनाचा आवाज पाहिजे होता. छोट्या लाईनचं डिझेल इंजिन आता आपल्याकडं कुठंच धावत नाही. पण मोठ्या लाईनवर जे जुनं डिझेल यायचं, ते त्याचाच थोरला भाऊ. काका म्हणायचे, "आवाजाचं घराणं एकच हाय. जुनं डिझेल धापा टाकतंय, नवं डिझेल गुरगुरतंय. अन् हे इलेक्ट्रिक? चोरावानी येतंय, चोरावानी जातंय." वर तारा आल्यापासून जुनं डिझेल दिसणंच बंद झालं होतं. आज घेऊ, उद्या घेऊ करत आमचं राहून गेलं.

अन् मग काकूंचे गुडघे. मुलगा म्हणाला पुण्याला या, इथंच ऑपरेशन करू, इथंच राहा. फ्लॅटमध्ये दोन पलंगांचं स्टेशन मावणार नव्हतं, म्हणून ते गंगाधरच्या गॅरेजच्या पुढच्या खोलीत जायचं ठरलं. त्यानं प्लायवूडखाली छोटा स्पीकर पण बसवला. जायला आठ दिवस राहिले होते. काका स्पीकरवर बोट ठेवून म्हणाले, "मुकीच गाडी देऊन जाऊ का तुमाला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाच्या तरी निवडीबद्दल अभिनंदन करत बसले होते, फ्लेक्सवर, तर गंगाधरचा फोन. नुसता ओरडत होता. "ताई, डिझेल! जुनंच हाय! मालगाडी घेऊन तिकडंच येऊन राहिलं, आत्ता वसमत सोडलं!" मी स्कूटी काढली अन् काकांच्या दुकानासमोर भोंगा वाजवला. काका आले ते तसेच, हातात भिंग. आत खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, नाकावर ती तपासायची लोखंडी फ्रेम. काका त्यांना म्हणाले, "बसा ताई, गाडी बघून आलो." बाई म्हणाल्या, "कोणाची गाडी?" तोवर आम्ही गल्लीच्या बाहेर.

नांदापूरच्या अलीकडं हळदीच्या शेताच्या बांधावर उभे राहिलो, रुळापासून चांगलं लांब. काकांनी हुकूम सोडले. "मोबाईल सायलेंट. तोंड बी सायलेंट. शिंक आली तर गिळ." मी फोन धरला अन् रेकॉर्डिंग चालू केलं. लांबून आवाज आला. धग्, धग्, धग्. धापा टाकतच येत होतं! मग वळणावरून इंजिन दिसलं अन् भोंगा झाला, असा लांबच्या लांब...

अन् त्याच भोंग्यावर काका ओरडले, "आलंऽऽ! लांब नाक पुढं करून आलं बघ माय, लांब नाक पुढं!" त्या इंजिनाचं एक नाक लांब असतं अन् एक आखूड, अन् लांब नाक पुढं ठेवून येणं म्हणजे काकांसाठी नवरदेवानं घोड्यावरून येणं. मी डोळे वटारले, हातानं खुणा केल्या, काही उपयोग नाही. इंजिन पुढं गेलं अन् काकांनी वाघिणी मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं. प्रत्येक वाघिणीकडं बोट करून. "एक! दोन! तीन!" मला आधी रडू आलं अन् मग बारा-तेरापासून मी पण त्यांच्यामागं मनात मोजायला लागले. त्रेचाळीस झाल्या, गाडी संपली, धूळ बसली. मग काका हळूच म्हणाले, "माय, मी बोललो का?"

"सुरुवातीपासून, काका."

स्कूटीवर परत आलो. दुकानात त्या बाई तशाच फ्रेम लावून बसलेल्या. काकांनी त्यांना खालमानेनं सहावी वाघीण वाचायला लावली.

मी म्हणलं, काळजी नका करू, ॲप असतंय, माणसाचा आवाज वेगळा काढता येतो. काढला. काका गेले, पण भोंगा पण गेला! ते भोंग्यावरच ओरडले होते ना, ॲपला दोघं एकच वाटले. तीन ॲप बदलले. एकतर दोघं राहायचे, नाहीतर दोघं जायचे. मग काका रोज विचारायचे अन् मी रोज म्हणायचे, "काम चालू आहे."

जायचा दिवस आला. चौतीस वाघिणी छोट्या हत्तीत बसून वसमतला निघाल्या. काका ड्रायव्हरला म्हणाले, "हळू घे बाबा. मालगाडी समजून चल." मग काकूंना धरून रिक्षात बसवलं अन् मला म्हणाले, "माझा आवाज काढला की पाठव." मी हो म्हणलं. खोटंच.

पंधरा दिवसांनी मला राहवलं नाही. पुण्याला फोन लावला, सगळं खरं सांगितलं अन् आहे तसं ऐकवलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं आता रागवणार. तर म्हणाले, "सत्तावीस दोनदा मोजलंय मी."

"काय?"

"सत्तावीस दोनदा म्हणलंय. त्रेचाळीस न्हाई, चव्वेचाळीस वाघिणी होत्या. हे लावू नका माय, लोकं हसतील. काकूचं ऑपरेशन झालं की येतो, परत घेऊ." मागून काकूंचा आवाज आला, "हसू द्या की! मी किती वर्षं हसून राहिले."

काकूंचं ऑपरेशन झालं, त्या चालायला लागल्या. काका आले नाहीत. मुलाचा फोन आला, झोपेतच गेले म्हणे. मी दुकानात होते. समोर कोणाचा तरी वाढदिवस अर्धा झालेला. मी तो पूर्ण केला, छापला, अन् मग वसमतच्या बसमध्ये बसले.

गंगाधरनं गाडी रुळावर लावून ठेवली होती. स्पीकर तसाच, रिकामा. तो म्हणाला, "काका तर लावू नका म्हणले होते."

"परत घेऊ म्हणाले होते म्हणून."

"परत कुठून घ्यावं आता," गंगाधर म्हणाला, अन् हात पुसून माझा फोन मागितला.

परवा मी तिकडं गेले होते. जवळच्या तांड्यावरचे एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले होते, काम लांबलं म्हणून स्टूलावर बसले होते. मी बटण दाबलं. धग्, धग्, धग्, भोंगा, वाघिणी निघाल्या अन् मोजणी सुरू. आजोबांनी मान वाकडी करून सगळं ऐकलं.

"हे मधी कोन मोजून राहिलंय रे?"

गंगाधरचं डोकं ट्रॅक्टरच्या आत होतं. तिथूनच म्हणाला, "इंजिन."

"इंजिन मोजतंय व्हय?"

"आमचं मोजतंय."

आजोबांनी जरा विचार केला, स्टूल प्लायवूडजवळ ओढलं. "मंग सत्तावीस दोनदा काहून म्हणलं त्यानं?"

ट्रॅक्टरच्या आत पाना वाजायचा थांबला. गंगाधर बाहेर आला, माझ्याकडं बघितलं, तोंड दुसरीकडं केलं. मग फडक्यानं हात पुसत आजोबांच्या शेजारी येऊन बसला.

"ताई, परत लाव," तो म्हणाला. "आजा, आता तुमी मोजा बरं."