शुक्रवारचा पाऊस गुरुवारी

एरंडोलच्या माणसाला बीडच्या उन्हाशी काय देणंघेणं? पण सुभाषचंदना होतं. आपल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून ते मोबाइलवर बीडचं तापमान बघत. समोर गिऱ्हाईक ब्लाउजपीस उलटेपालटे करत उभं असे आणि हे आपले पुटपुटत, "बेचाळीस जाणार. दहाच्या आत पोचायला पाहिजे." कुणी कुठे पोचायला पाहिजे, ते नवख्या गिऱ्हाइकाला कळत नसे. गावाला मात्र सगळं माहीत होतं.

आठ वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, रुचीने, जैन दीक्षा घेतली. ती साध्वी ऋजुश्रीजी झाली. केस गेले, चपला गेल्या, नाव गेलं. आईबाप उरले ते चार गावकऱ्यांसारखे श्रावक-श्राविका म्हणून. साध्वींना फोन नाही, गाडी नाही. अनवाणी चालायचं, आज या गावी, उद्या त्या गावी. त्याला विहार म्हणतात. पाऊस पडत असेल तर पाऊल बाहेर टाकायचं नाही, भिक्षेलासुद्धा नाही. पाण्यातले बारीक जीव मरतात. अशा वेळी बापाने करावं तरी काय? सुभाषचंदनी हवामान धरलं.

आधी वर्तमानपत्रातला कोपरा वाचत, मग तीन ॲप आली, मग उपग्रहाची चित्रं, वाऱ्याचे बाण. मुलगी नाशिककडे असली की यांना नाशिकची थंडी वाजे. मार्चची अवकाळी, मेमध्ये तापलेलं डांबर, भाद्रपदातला अंगातून पाणी काढणारा उकाडा, साऱ्याचा हिशेब डोक्यात. माणूस जागेवर म्हणून ठरत नसे. दुकान, गच्ची, परत दुकान. हळूहळू साध्वींच्या सोबत असणारे कार्यकर्ते त्यांनाच विचारू लागले, उद्या निघावं की थांबावं? एकदा निरोप आला की खुद्द गुरुणीजी, रुचीच्या गुरू असलेल्या ज्येष्ठ साध्वी, म्हणाल्या, "एरंडोलच्या श्रावकांना विचारा." त्या एका वाक्यावर सुभाषचंद महिनाभर खूश होते. मुलीपर्यंत पोचणारा तेवढाच एक धागा होता, आणि तो त्यांनी जिवापाड जपला होता. अंदाज क्वचित चुकायचा. चुकला की रात्रीचं जेवण जात नसे.

यंदा चातुर्मास धुळ्याला, देवपुरात ठरला. पावसाळ्याचे चार महिने साध्वी एका जागी राहतात. त्याआधी, रविवारी, तिथे पोचणं भाग होतं. जळगावहून धुळ्याची वाट एरंडोलवरूनच जाते. आठ वर्षांत पहिल्यांदा ती येणार होती.

बुधवारी आल्या, पण दुपार टळल्यावर. शहात्तर वर्षांच्या गुरुणीजी व्हीलचेअरवर, ढकलायला ऋजुश्रीजी, मागे एक तिसरी साध्वी. भिक्षा वाटेतल्या गावी झाली होती. गुरुवारी पहाटे पारोळ्याकडे निघणार. म्हणजे आईच्या, धनकुंवरबाईंच्या हातचा घास तिच्या पात्रात पडायचाच नव्हता.

"अहो," धनकुंवरबाई पदराने हात पुसत म्हणाल्या, "उद्या पाऊस आहे म्हणून सांगा ना."

"पाऊस शुक्रवारी आहे. उद्या कोरडं."

"मग शुक्रवारचा गुरुवारी सांगा. एका दिवसाने काय बिघडतंय? आठ वर्षांत एक पोळी वाढली नाही मी तिला."

सुभाषचंद उठले. गच्चीवर गेले. खाली आले. पुन्हा गेले. पद्मालयाच्या बाजूच्या टेकड्या धुळीत धुरकट दिसत होत्या, म्हणजे उद्या कोरडंच. पाऊस यायचा असला की त्या टेकड्या धुतल्यासारख्या जवळ येतात. रुची पाच वर्षांची असताना याच कठड्याशी तिला कडेवर घेऊन त्यांनी हे शिकवलं होतं.

सूर्य मावळायच्या आत ते स्थानकात, साध्वींच्या मुक्कामाच्या वास्तूत गेले. गुरुणीजींनी विचारलं, "उद्याचं काय?"

"उद्या सकाळपासून पाऊस आहे, महासतीजी. शुक्रवारपासून उघडीप."

जीभ जराही अडखळली नाही. याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली. गुरुणीजींच्या शेजारी बसलेल्या ऋजुश्रीजींनी एकदा मान वर केली, खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

वाटेत पाऊस गाठेल म्हणून साध्वी पहाटे निघाल्या नाहीत, आणि गुरुवारी लख्ख ऊन पडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भर आषाढातलं ऊन! सुभाषचंद अकरा वेळा गच्चीवर जाऊन आले. आयुष्यभर पाऊस टळावा म्हणून झुरणारा माणूस त्या दिवशी एका ढगासाठी हात जोडत होता. दुकानात भडगावकडचा पितांबर आला आणि सांगितलेला पाऊस गेला कुठे, असं हसत अहिराणीत विचारू लागला, "सुभाषभाऊ, तुमना पानी कथा गया?"

"येई, येई," सुभाषचंद म्हणाले आणि कापडाचा तागा उलगडण्याऐवजी गुंडाळू लागले.

साडेदहाला ऋजुश्रीजी दारात आल्या. साध्वींसाठी मुद्दाम केलेलं त्यांना चालत नाही, म्हणून धनकुंवरबाईंनी साऱ्या घरासाठी वरण-बट्टी केली होती. शेजाऱ्यांनाही वाढली होती, म्हणजे कुणी विचारायला नको. रुचीला लहानपणी तीच लागायची. वाढताना वरणाचा डाव पात्राच्या काठावर वाजला.

"बस," ऋजुश्रीजी म्हणाल्या. अर्धी बट्टी, एक डाव वरण. "दया पालो," त्यांनी साध्वींचा नेहमीचा आशीर्वाद दिला. उंबऱ्याबाहेर त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग बापाकडे, आणि गेल्या. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. धनकुंवरबाई डाव हातात धरून तशाच उभ्या होत्या आणि रडत होत्या, आणि तृप्तही होत्या.

शुक्रवारी पाऊस आला. पहाटेपासून जो लागला तो दिवे लागेपर्यंत. साध्वी स्थानकातून हलू शकल्या नाहीत. तीन दिवसांची वाट आता दोन दिवसांत तोडायची होती, पंचावन्न किलोमीटर, गुरुणीजींना ढकलत. शनिवार-रविवार सुभाषचंद दुकानात बसले नाहीत, घरात बसले नाहीत. कार्यकर्त्याचा "पोचलो" असा निरोप आला तेव्हा कुठे ते पाणी प्याले.

सोमवारी ते धुळ्याला गेले. देवपुरातल्या स्थानकाच्या पायरीवर एक बाई कौतुकाने सांगत होती, "ऋजुश्रीजींचं आज पारणं. शुक्रवारपासून तीन दिवस उपवास, फक्त उकळलेलं पाणी. त्यात एवढं चालल्या!"

सुभाषचंद पायरीवरून थेट आत गेले. आत मुलगी बसली होती. तळव्यांना पट्ट्या होत्या. वडील असले तरी तिला हात लावायचा नव्हता. त्यांनी लांबूनच हात जोडले. "महासतीजी, मी खोटं बोललो. पाऊस शुक्रवारचा होता."

"मला त्याच संध्याकाळी कळलं, श्रावकजी," ती हळू म्हणाली. "खिडकीतून टेकड्या धुरकट दिसत होत्या. तरी मी गुरुणीजींना बोलले नाही. मलाही ती बट्टी हवी होती." तिने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "गुरुवारी रात्री त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं. हे उपवास त्याचेच. आता आमच्या विहाराचं हवामान तुम्ही सांगू नका. दुसरं कुणी बघेल."

"हो," सुभाषचंद म्हणाले.

घरी धनकुंवरबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाली?"

"म्हणाली, तिलाही बट्टी हवी होती."

बाईंचा चेहरा असा उजळला की बाकीचं सुभाषचंदनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नेहमीसारखी जाग आली. हात मोबाइलकडे गेला. धुळ्याला पाऊस दाखवत होता. चार महिने कुणी चालणार नव्हतं, आणि त्यानंतर यांना कुणी विचारणार नव्हतं. सुभाषचंदनी पायांत चपला सरकवल्या, पुन्हा काढून ठेवल्या, आणि अनवाणीच गच्चीवर गेले.