आत्याची चौथी

माझ्या आत्याचा महादेवावर जेवढा विश्वास होता, तेवढा खुद्द महादेवाचाही स्वतःवर नसेल. आमच्या वालुरात देवभोळी माणसं पुष्कळ होती, पण ती देवाकडे काही मागायला जात. आत्या मागत नसे, ती कामं सांगत असे. सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन ती पूजेला बसली, की घरात कुणाचं काय अडलंय ते मोजक्या शब्दांत त्याच्या कानावर घालायची आणि विषय संपला असं समजून भाकरी थापायला उठायची. पुन्हा आठवण करून देणं तिला पटत नसे. "तेन्ला काय आपलंच एक घर हाय का," असं ती म्हणे. नवसाचा तर तिला राग होता. तिच्या मते नवस परक्या देवाला करतात, घरच्याला नुसतं सांगायचं असतं. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परत आली होती. माझी आई मी अगदी लहान असतानाच गेली, त्यामुळे आत्याच्या सांगण्यात बहुतेक माझंच नाव असे.

मी म्हणजे अवघड काम होतो. अक्षरं माझ्यासमोर स्थिर उभीच राहत नसत. 'मामा' लिहायला जावं तर 'भाभा' निघे. घ आणि ध एकमेकांची जागा घेत. तीन आणि सहा हे आकडे पाटीवर त्यांना वाटेल तिकडे तोंड करून बसत. ऐकलेलं मात्र मी विसरत नसे, पण ते परीक्षेत कुणी विचारत नव्हतं. मास्तर मला दगड म्हणत, आणि तेही रागाने नाही, वाणी गुळाला गूळ म्हणतो तसं. चौथीत मी पहिल्यांदा नापास झालो त्या संध्याकाळी आत्याने आळीत गूळ वाटला. शेजारणीने चाचरत विचारलं, की पोरगा नापास झाला ना? "झालाय," आत्या म्हणाली. "पण पास तर व्हायचाच हाय. मंग गूळ आत्ताच वाटला तर काय बिघडलं?" शेजारणीने गूळ खाल्ला.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी तिला सांगितलं, की उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. निजामाचं राज्य, शाळेत उर्दू शिकवायला मौलवीसाहेब होतेच. आत्याने मला हाताला धरून मौलवीसाहेबांच्या दारात उभं केलं आणि म्हणाली, की हे लेकरू सगळं उलट्या अंगानंच लिहायलंय, तवा हे मुळात तुमचंच हाय. मौलवीसाहेब भला माणूस. त्यांनी मला आठ दिवस घरी बसवून शिकवलं, आणि नवव्या दिवशी येऊन आत्याला अदबीने कळवलं, की मुलगा उर्दू डावीकडून लिहितो. दोन्ही भाषांत तो सारख्याच इमानदारीने चुकतो, असंही ते म्हणाले. आत्याने त्यातली इमानदारी तेवढी लक्षात ठेवली आणि गावभर सांगितली.

त्या वर्षीही मी नापास झालो. तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवता जेवता सांगितलं, की आणखी एक वर्ष, नाहीतर गुरांमागे. अप्पा कठोर नव्हते. मला रोज वर्गात उभं राहून हसं करून घेताना त्यांना बघवत नव्हतं, एवढंच. शाळा सुरू झाली त्या दिवशी सुपात ज्वारी घेऊन आत्या शाळेच्या खिडकीखाली येऊन निवडत बसली. मास्तर बाहेर गेले आणि म्हणाले, की बाईमाणसाने शाळेत बसणं बरं दिसत नाही. "मी कुठं शाळंत हाय?" ती म्हणाली. "मी भितीच्या भाईर हाय." हे खरंच होतं, त्यामुळे मास्तर आत आले.

वर्षभर आत्या भिंतीबाहेरून चौथी शिकली. दिवाळीपर्यंत तिला सगळ्या कविता, पावकी-निमकी आणि निजामाच्या मुलखातल्या नद्या पाठ झाल्या. मास्तरांनी एखादी नदी गाळली, की खिडकीतून खोकल्याचा आवाज येई. घरी आल्यावर तेच सारं ती भाकरीच्या थापेबरोबर माझ्याकडून म्हणून घेई, आणि ते मला जमे. राहिली अक्षरं. ती तिलाही येत नव्हती. म्हणून रोज सकाळी दुकानाला जाण्याआधी अप्पांनी ताटातल्या भस्मात एक अक्षर काढायचं, असं तिने ठरवलं. ह्याने काही होणार नाही, असं म्हणत अप्पा रोज काढत. मग आत्या त्या अक्षराकडे, गावात नवं माणूस आल्यावर बघावं, तशी बघत बसे. शिकलेल्या माणसाला अक्षर दिसत नाही, त्याला एकदम आवाजच ऐकू येतो. आत्याला अक्षर दिसे. "हे बग," ती एकदा म्हणाली, "म नं डोक्यावरून पूरा पदर घेतलाय. भ चा पदर घसरलाय." अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेचं हे तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे घ आणि ध यांचंही तेच निघालं. मी भस्मात बोट फिरवत राहिलो. जे डोळ्याला राहत नव्हतं ते हळूहळू बोटाला राहू लागलं.

परीक्षा घ्यायला परभणीहून काळ्या शेरवानीतले, लाल तुर्की टोपीचे एक साहेब आले. तोंडी परीक्षेत मी अडलो नाही. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग श्रुतलेखन. मी प्रत्येक अक्षर आधी मांडीवर बोटाने काढून बघायचो आणि मग कागदावर उतरवायचो. बाकीच्यांचं लिहून झालं तेव्हा मी चौथ्या ओळीवर होतो. मास्तरांनी खाली मान घालून माझ्या कागदाला हात घातला, तेव्हा साहेबांनी त्यांना थांबवलं आणि मांडीवर काय लिहितोस, कुणी शिकवलं, असं मला विचारलं. मी खिडकीकडे बोट दाखवलं. साहेब खिडकीशी गेले. आत्या उठून उभी राहिली.

"साहेब, पोरगं मंद न्हाई," ती म्हणाली. "ह्याला अक्षरं उशिरा भेटतेत. भेटली की वळखतो. जरा थांबता का?"

साहेबांनी घड्याळ काढलं, पाहिलं, परत खिशात ठेवलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. राहिलेल्या ओळी त्यांनी मला एकेक शब्द करत पुन्हा सांगितल्या. मुलं घरी गेली, शाळा रिकामी झाली, आणि खिडकीत उभ्या आत्याकडे बघत बघत मी लिहीत होतो.

मी पास झालो. वर्गात सर्वांत खाली, पण पास. अप्पा दुकान उघडं टाकून धावत आले. आत्या नुसती व्हय म्हणाली आणि चुलीला जाळ घालायला गेली. गावाने श्रेय महादेवाला दिलं. तिने ते त्याच्या वतीने घेतलं.

पुढे मी पूर्ण्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर लागलो. कापसाच्या गाठींवर गावांची नावं रंगवायचं काम होतं. निजामाचं राज्य गेलं त्या साली आत्या अंथरुणाला खिळली होती. एका दुपारी तिच्याजवळ बसलो असताना मी सहज विचारलं, की परीक्षेच्या दिवशी सकाळी तू महादेवाला काय सांगितलं होतंस?

ती म्हणाली, की त्या दिवशी तिने पूजाच केली नव्हती. "डबी उघडायची हिंमत झाली न्हाई. पुन्हा नापास झालास, तर मी तेन्ला काय बोलंल, ह्याचं भ्या वाटलं." लिंगपूजेशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. म्हणजे ती दिवसभर उन्हात, भिंतीला टेकून, तशीच बसली होती.

हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"तुला कसं सांगू?" ती म्हणाली. "तू माझ्या तोंडाकडं बगून लिहायलतास."